दारव्हा परिसरातील पशुपालन आणि पशुसुधारणा

दारव्हा हे महाराष्ट्र राज्याच्या यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून ते यवतमाळ शहराच्या पश्चिमेस, वाशिम जिल्ह्याच्या सीमेकडील भागात वसले आहे. नेर व दिग्रस हे आताचे स्वतंत्र तालुके पूर्वी दारव्हा तालुक्यातच मोडत. पैनगंगेच्या खोऱ्यातील अडाण व अरुणावती या नद्यांचा हा प्रदेश वऱ्हाडच्या कापूस पट्ट्याचा भाग आहे. येथील शेती मुख्यतः मोसमी पावसावर अवलंबून असून कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन ही प्रमुख पिके होत. शेतीस पूरक असा जनावरांचा व्यवसाय येथे प्राचीन काळापासून चालत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मात्र त्याच्या स्वरूपात मोठे फेरफार झाले आणि त्यात सुधारणा घडवून आणण्याचे अनेक प्रयत्न झाले. या प्रयत्नांचा इतिहास पाहिला असता जनावराची जात सुधारण्याकडे जितके लक्ष पुरविले गेले, तितके त्याच्या वैरणीकडे पुरविले गेले नाही असे दिसून येते. लहान शेतकरी व भूमिहीन मजूर यांच्या पदरी कोणते जनावर टिकले आणि कोणते टिकले नाही, याचा उलगडा बव्हंशी या एका गोष्टीवरून होतो.

पारंपरिक पशुधन : वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल हे सर्वांत महत्त्वाचे जनावर होते. काळ्या कसदार जमिनीची नांगरट, वखरणी, डवरणी आणि कापसाची वाहतूक ही सर्व कामे बैलांवरच चालत. गाय पाळण्याचा मुख्य हेतू शेतीसाठी गोऱ्हे मिळावेत हा असे. दूध हे दुय्यम उत्पादन समजले जाई. जुन्या गॅझेटियरांत वऱ्हाडी गुरांचे खामगावी आणि उमरडा असे दोन प्रकार नमूद केलेले आढळतात. शेजारच्या वर्धा व नागपूर जिल्ह्यांतील गवळाऊ ही जातही या भागास परिचित आहे. पांढरा वा करडा रंग, लांबट निमुळते तोंड आणि हलका बांधा ही तिची लक्षणे होत. गवळाऊ बैल चपळ असून मराठ्यांच्या सैन्यात जलद वाहतुकीसाठी त्यांचा उपयोग होत असे, असे सांगितले जाते. या जातीची गाय एका वितात सरासरी सु. ६०० किग्रॅ. दूध देते. दुधासाठी मुख्यतः नागपुरी किंवा वऱ्हाडी या नावाने ओळखली जाणारी म्हैस पाळीत. तिची शिंगे लांब, चपटी व तलवारीसारखी मागे खांद्यापर्यंत गेलेली असतात. ती एका वितात सु. १,००० किग्रॅ. दूध देते. विदर्भातील कडक उन्हाळा सोसण्याची तिची क्षमता विशेष उल्लेखनीय आहे.

गावातील जनावरे सकाळी आखरावर गोळा होत आणि तेथून ढोरकी किंवा गायकी त्यांना रानात चरावयास नेई. त्याचे मेहनताण्याचे धान्य गावकरी सुगीत देत. काही ठिकाणी देवाच्या नावाने सोडलेला वळू गावभर मोकळा चरत असे आणि गावातील गाईंना तोच फळवी. श्रावण अमावास्येचा पोळा हा या भागातील मोठा सण असून त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा लाकडी बैल घेऊन साजरा होतो. बैलाविषयीचा हा आदर केवळ भावनेपोटी नव्हता; बैलजोडी गमावलेल्या कुटुंबाला शेती करणेच अशक्य होत असे.

कापूस आणि चराई : वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा खंडित झाला आणि इंग्लंडमधील गिरण्यांकडून भारतीय कापसास मोठी मागणी आली. याच सुमारास मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग वऱ्हाडातून पुरा झाला. पुढे १९०३ मध्ये मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद मापी मार्ग दारव्ह्यावरून सुरू झाला. किलिक निक्सन कंपनीने उभारलेला हा मार्ग ‘शकुंतला’ या लोकप्रिय नावाने ओळखला जाई व कापसाची वाहतूक हे त्याचे मुख्य प्रयोजन होते.

कापसाच्या या भरभराटीचे पशुधनावर दुहेरी परिणाम झाले. एक तर पडीक व चराऊ जमीन झपाट्याने लागवडीखाली आली. वऱ्हाडातील राखीव जंगलांचे वर्गीकरण करताना ‘अ’ वर्ग इमारती लाकूड व जळण यांसाठी, ‘ब’ वर्ग गवताच्या रमण्यांसाठी आणि ‘क’ वर्ग चराईसाठी ठेवण्यात आला. त्यामुळे चराईस एक चौकट मिळाली, पण पूर्वीची मोकळीक राहिली नाही. गावाजवळच्या शासकीय चराऊ जमिनीस विदर्भात आजही ‘ई-क्लास’ असे म्हणतात. दुसरे असे की, कापूस घरी वा गावात रेच्यावर पिंजला जात असे तेव्हा सरकी शेतकऱ्याच्या घरीच राही आणि ती बैलांना व दुभत्या जनावरांना खाऊ घालीत. यांत्रिक जिनिंग कारखाने निघाल्यावर सरकी कापसाबरोबर कारखान्यात गेली. पुढे तेल काढून उरलेली ढेप शेतकऱ्याला बाजारातून विकत घ्यावी लागू लागली. अशा प्रकारे ज्या पिकाने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आणून दिला, त्याच पिकाने जनावरांची चराई आणि खुराक या दोन्हींवर मर्यादा आणली. ज्वारीचा कडबा मात्र बराच काळ टिकून राहिला. कापूस व ज्वारी यांची फेरपालट हा या भागातील शेतीचा नियम होता आणि पशुधनाचा निर्वाह मुख्यतः त्यावरच चालत होता.

दुष्काळात या व्यवस्थेची कसोटी लागे. १८९९–१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात धान्याइतकीच वैरणीची टंचाई पडली आणि फार मोठ्या संख्येने जनावरे मरण पावली. पुढील हंगामात पाऊस चांगला होऊनही बैल नसल्याने अनेकांना पेरणी करणे कठीण गेले. दुष्काळातून सावरण्याची शेतकऱ्याची शक्ती त्याच्या दावणीवर किती अवलंबून असते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

लमाण तांडे : दारव्हा, दिग्रस व पुसद या भागांत बंजारा (लमाण) समाजाची वस्ती मोठी आहे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदूर वाहतूक करणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. मोगल, मराठे व इंग्रज या सर्वांच्या फौजांना ते रसद पुरवीत. बैलांची निगा, त्यांचे रोग व औषधे आणि पाणवठ्यांची माहिती यांत लमाण वाकबगार होते. लोहमार्ग आणि पक्क्या सडका झाल्यावर त्यांचा हा व्यवसाय बसला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच अनेक भटक्या जमातींप्रमाणे त्यांनाही सोसावा लागला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तांडे हळूहळू स्थिर होऊन शेती, मजुरी व गुरेपालन यांकडे वळले. तांड्यांच्या वाट्यास आलेली जमीन बहुधा हलकी, माळाची किंवा जंगलाच्या कडेची होती. अशा जमिनीवर पिकांपेक्षा जनावरांचा भरवसा अधिक असल्यामुळे शेळ्या व गावरान गाई पाळण्याची प्रथा तांड्यांत टिकून राहिली. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातील गहुली येथील व याच समाजातील होते.

सुधारणेचे प्रारंभीचे प्रयत्न : पशुसुधारणेचा विचार शासकीय पातळीवर प्रथम लष्करी घोडे व तोफा ओढणारे बैल यांच्या अनुषंगाने झाला; शेतकऱ्याच्या जनावराकडे लक्ष त्यामानाने उशिरा गेले. भारतातील शेतीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने (१९२६–२८) या प्रश्नातील दुष्टचक्र दाखवून दिले. जनावरे दुबळी असली की काम भागविण्यासाठी ती अधिक संख्येने ठेवावी लागतात. संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी वैरण कमी होते आणि जनावरे आणखी दुबळी होतात, असे त्याचे स्वरूप आहे.

कापूस पट्ट्यात या दुष्टचक्राला आणखी एका कारणाची भर पडत होती. चांगल्या बांध्याचा गोऱ्हा बैल म्हणून उपयोगी पडावा यासाठी त्याचे वेळीच खच्चीकरण केले जाई. खच्चीकरणातून सुटलेले व कोणाच्याही नजरेत न भरलेले गोऱ्हे कळपात वळू म्हणून राहत. म्हणजे उत्तम नर पैदाशीतून बाद होत आणि निकृष्ट नरांची संतती वाढत जाई. निकृष्ट वळूंचे खच्चीकरण करून गावाला निवडक वळू पुरविणे हा सुधारणेचा पहिला टप्पा मानला गेला तो यामुळेच. वळू पुरविणे सोपे होते. त्याला बारमाही पोसण्याची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न मात्र गावोगाव अनुत्तरित राहिला.

विदर्भातील पशुसुधारणेस वर्धा येथील विधायक कार्यामुळे वेगळे वळण मिळाले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये गोसेवा संघाचे कार्य हाती घेतले. स्थानिक गवळाऊ गाईची निवड पद्धतीने सुधारणा करावी, तिच्यापासून दूध आणि बैल दोन्ही मिळावेत आणि मृत जनावरांच्या कातडी-हाडांचाही उपयोग व्हावा, असा या कार्यामागील विचार होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये बजाज यांचे निधन झाले. तथापि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कार्य पुढे चालू ठेवले. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथील शासकीय प्रक्षेत्रावरही गवळाऊची पैदास करण्यात आली. वैरण, दूध व बैल यांचा एकत्रित विचार करणारा विदर्भातील एक आरंभीचा प्रयत्न म्हणून याचे महत्त्व आहे.

रोगनियंत्रण : पशुपालनातील सर्वांत नि:संदिग्ध यश रोगनियंत्रणाच्या क्षेत्रात मिळाले. बुळकांडी या विषाणुजन्य रोगाने पूर्वी गावेच्या गावे जनावरांविना ओस पडत. पुणे येथे १८८९ मध्ये स्थापन झालेली व १८९३ मध्ये मुक्तेश्वर (उत्तराखंड) येथे हलविलेली प्रयोगशाळा ही भारतातील पशुरोग संशोधनाची आद्य संस्था होय. तेथे १९२७ मध्ये जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळीच्या ऊतकात वाढविलेल्या विषाणूपासून बुळकांडीची लस तयार केली. १९५४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सर्व जग या रोगापासून मुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले. घटसर्प, फऱ्या व लाळ्या खुरकूत या रोगांवरील लसीही प्रचारात आल्या. १९५८ मध्ये नागपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अकोला येथे १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पुढे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव देण्यात आले. २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आले. लसीकरणाचा लाभ जमीनदार व भूमिहीन, गावरान व संकरित असा भेद न करता सर्वांस मिळतो. त्यासाठी शेतकऱ्यास आपली पशुपालनाची रीत बदलावी लागत नाही. या उपक्रमास यश येण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या लंपी चर्मरोगाने मात्र दक्षतेची गरज संपली नसल्याचे दाखवून दिले.

संकरण व दुग्धव्यवसाय : पहिल्या पंचवार्षिक योजनेत केंद्रग्राम योजना आणि १९६४-६५ पासून सघन गोविकास प्रकल्प हे कार्यक्रम देशभर हाती घेण्यात आले. कृत्रिम वीर्यसेचनामुळे गावोगाव वळू ठेवण्याची गरज कमी झाली. वळूचे वीर्य द्रवरूप नायट्रोजनात –१९६° से. तापमानास गोठवून ठेवल्यास ते वर्षानुवर्षे टिकते आणि एका उत्तम वळूपासून हजारो वासरे मिळू शकतात. गाय साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माजाचा काळ थोडाच असतो. म्हणून वीर्यसेचन करणारा तंत्रज्ञ वेळेवर गोठ्यात पोहोचणे हा या पद्धतीचा कळीचा भाग आहे. ही गोष्ट ओळखून गांधीजींचे अनुयायी मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन (पुणे जिल्हा) येथे भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन (बायफ) ही संस्था स्थापन केली आणि शेतकऱ्याच्या दारी जाऊन गावरान गाईंचा होल्स्टीन व जर्सी वळूंच्या वीर्याने संकर करण्याचा कार्यक्रम राबविला. त्यांना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७० ते १९९६ या काळात राबविलेल्या ‘दुधाचा महापूर’ योजनेने सहकारी दुग्धव्यवसायाची देशव्यापी बांधणी केली.

पश्चिम महाराष्ट्रात या दोन्ही उपक्रमांस चांगले यश आले. दारव्ह्यासारख्या भागात ते त्या प्रमाणात आले नाही. याची कारणे गाईच्या जातीत नसून परिस्थितीत होती. पश्चिम महाराष्ट्रातील बागायती भागात उसाचे वाढे, मका, लसूणघास अशी हिरवी वैरण मिळे, सहकारी संस्थांचे जाळे दाट होते आणि मुंबई-पुण्याची बाजारपेठ जवळ होती. दारव्हा परिसरात सिंचन थोडे, उन्हाळा कडक आणि मोठी शहरे दूर होती. संकरित गाईस रोज साधारण १५ ते २० किग्रॅ. हिरवी व ५ ते ६ किग्रॅ. सुकी वैरण लागते. शिवाय दर अडीच लिटर दुधामागे सु. १ किग्रॅ. खुराक द्यावा लागतो. कोरडवाहू शेतकऱ्यास यांपैकी बहुतेक गोष्टी विकत घ्याव्या लागत. दूध वाढले तरी खर्च वजा जाता हाती काय उरते, हा प्रश्न त्यामुळे राहतोच. संकरित गोऱ्ह्यांना वशिंड नीट नसते व ऊनही सोसत नाही, म्हणून बैल म्हणून त्यांचा फारसा उपयोग होत नाही. ज्या भागात गाय बैलासाठी पाळली जाई, तेथे ही उणीव लहान नव्हती.

पशुवाटपाच्या योजना : १९७० नंतर लहान शेतकरी व भूमिहीन यांना कर्ज आणि अनुदान देऊन दुभती जनावरे मिळवून देण्याचा मार्ग शासनाने अवलंबिला. १९७८-७९ मध्ये सुरू झालेल्या व १९८० मध्ये देशातील सर्व विकास गटांना लागू झालेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात गाई-म्हशींचे वाटप हा मोठा भाग होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ नीलकंठ रथ यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या एका लेखात या पद्धतीवर मूलभूत आक्षेप घेतले. स्वतःची जमीन व वैरण नसलेल्या कुटुंबांना दुभते जनावर देऊन मोठ्या संख्येने दारिद्र्यरेषेवर आणता येणार नाही आणि त्यांच्यासाठी मजुरीच्या रोजगाराची हमी अधिक उपयुक्त ठरेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. लेखाने देशभर चर्चा घडवून आणली. हा कार्यक्रम १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन करण्यात आला.

याच प्रश्नाची पुनरावृत्ती दोन दशकांनंतर विदर्भात झाली. कापसाच्या भावातील घसरण, वाढता उत्पादनखर्च व कर्जबाजारीपणा यांमुळे यवतमाळसह पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे प्रमाण वाढले. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २००६ च्या मध्यास विदर्भाचा दौरा करून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात जोडधंदा म्हणून अनुदानावर अधिक दूध देणाऱ्या गाई पुरविण्याची तरतूद होती. हेतू योग्य होता. एका पिकावर विसंबलेल्या कुटुंबास रोजचे थोडेबहुत उत्पन्न मिळावे, हे त्यामागील तत्त्व होते. तथापि चारा, पाणी आणि दुधाचा खात्रीचा ग्राहक यांची सोय नसलेल्या गावांत अशी गाय शेतकऱ्यास आधार होण्याऐवजी भार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. काहींनी गाय परत करण्याची वा विकण्याची इच्छा दाखविली. दूध संकलनाची बाजू भक्कम करण्यासाठी २०१६ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प हाती घेण्यात आला. आधी ग्राहक व वैरण आणि मग गाय हा क्रम त्यात निदान काही अंशी स्वीकारला गेला.

शेळीपालन : मोठ्या जनावरांच्या या इतिहासाच्या तुलनेत शेळीपालनाची वाटचाल फारशी गाजावाजा न होता झाली. ‘गरिबाची गाय’ म्हणून ओळखली जाणारी शेळी भूमिहीन मजूर, तांड्यांवरील कुटुंबे आणि विशेषतः स्त्रिया यांच्या हाती राहिली आहे. बांधावरची झुडपे, बोर-बाभळीचा पाला, शेंगा व पिकाचे अवशेष यांवर तिचा निर्वाह होतो. गर्भकाल सु. १५० दिवसांचा असल्याने दोन वर्षांत तीन विते मिळू शकतात आणि जुळी करडे होण्याचे प्रमाणही चांगले असते. बाजाराच्या दिवशी एखादा बोकड विकून शाळेचा, दवाखान्याचा किंवा पेरणीचा खर्च भागविता येतो. ज्याच्यापाशी भांडवल नाही तो दुसऱ्याच्या शेळ्या बटईने पाळतो आणि जन्मलेल्या करडांत वाटा घेतो. अशा वाट्यातून स्वतःचा लहानसा कळप उभा करणे शक्य होते.

विदर्भातील स्थानिक बेरारी शेळी तपकिरी रंगाची असून तिच्या पाठीवर काळसर पट्टा असतो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने (स्थापना १९८४) तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. उस्मानाबादी ही बहुधा काळ्या रंगाची व जुळ्यांसाठी प्रसिद्ध असलेली जातही येथे पाळली जाते. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या शेळी-मेंढी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र अमरावती जिल्ह्यातील पोहरा येथे आहे. २०११ नंतर राज्य शासनाने दहा शेळ्या व एक बोकड असा गट अनुदानावर देण्याची योजना राबविली. राज्याच्या जीवनोन्नती अभियानातून गावातील स्त्रियांना ‘पशुसखी’ म्हणून शिक्षण देऊन लसीकरण, जंतनाशक व प्राथमिक उपचार यांची सेवा दारी उपलब्ध करण्यात आली.

शेळीच्या पैदाशीतही बैलांसारखाच एक दोष आढळतो. झपाट्याने वाढणारा देखणा बोकड ईद किंवा जत्रेच्या बाजारात लवकर विकला जातो व खुरटा बोकड कळपात राहून पुढील पिढीचा जनक होतो. एकच बोकड वर्षानुवर्षे ठेवल्यास जवळच्या नात्यात पैदास होऊन करडे अशक्त निपजतात. चांगला बोकड पैदाशीसाठी राखणे, दर दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावाशी बदलणे आणि उरलेल्या नरांचे लहानपणीच खच्चीकरण करणे एवढे साधे नियम पाळल्यास विशेष खर्चाशिवाय सुधारणा होऊ शकते. एका कुटुंबास केवळ पैदाशीसाठी बोकड पोसणे परवडत नाही. म्हणून बचत गटाने किंवा गावाने तो सामाईक ठेवणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. देवाच्या नावाने सोडलेल्या वळूच्या जुन्या प्रथेमागेही सामाईक जबाबदारीचे असेच तत्त्व होते. शेळ्यांची संख्या अमर्याद वाढल्यास झुडपी वनस्पतींची हानी होते, हा वनखात्याचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. बांधावर सुबाभूळ, शेवरी यांसारखी चाऱ्याची झाडे लावणे आणि काही काळ गोठ्यात बांधून चारणे हे त्यावरील उपाय होत.

सद्यःस्थिती : १९९० नंतर सोयाबीनचा प्रसार झाला आणि ज्वारीचे क्षेत्र घटत गेले. २००२ मध्ये बीटी कापसास मान्यता मिळाल्यावर कापसाची लागवडही नव्या वाणांखाली आली. ज्वारीबरोबर कडबाही कमी झाला. सोयाबीन, तूर व हरभऱ्याचे कुटार हीच आता घरची मुख्य सुकी वैरण आहे. मळणी यंत्रामुळे काही वेळा तेही शेतातच राहते किंवा जाळले जाते. ट्रॅक्टर आल्याने बैलजोड्या कमी झाल्या. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमाने गाईची कत्तल प्रतिबंधित होती. २०१५ पासून बैल व वळू यांनाही हा प्रतिबंध लागू झाला. म्हातारा बैल विकून नव्या बैलाच्या किंमतीत भर घालण्याची शेतकऱ्याची जुनी पद्धत त्यामुळे मोडली. भाकड जनावरांच्या पालनाचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न त्यातून तीव्र झाला. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सु. १९·२५ कोटी गाई-बैल, १०·९८ कोटी म्हशी व १४·८९ कोटी शेळ्या होत्या. आधीच्या गणनेच्या तुलनेत देशी गाई-बैल घटले, तर शेळ्या वाढल्या.

दारव्हा परिसराच्या अनुभवातून लहान पशुपालनाविषयी काही निष्कर्ष काढता येतात. जनावराची जात ही त्याच्या उत्पादनाची मर्यादा ठरविते. त्या मर्यादेपर्यंत पोहोचणे न पोहोचणे वैरण, पाणी, उपचार व बाजार यांवर अवलंबून असते. कोरडवाहू कुटुंबास कुटारावर टिकणारी वऱ्हाडी म्हैस, बांधावर पोसली जाणारी बेरारी शेळी किंवा परसातील कोंबड्या या अधिक दूध देणाऱ्या पण विकतच्या खाद्यावर अवलंबून असलेल्या गाईपेक्षा अनेकदा अधिक भरवशाच्या ठरतात. सिंचन व दूध संकलन असलेल्या गावांत संकरित गाय निश्चितच लाभदायक होऊ शकते. ई-क्लास जमिनींवर गवताची राखण व वाटपाची व्यवस्था, ज्वारीसारख्या दुहेरी उपयोगाच्या पिकास प्रोत्साहन आणि कुटाराची साठवण या गोष्टी पशुसुधारणेचाच भाग मानल्या पाहिजेत. कापसाचे पीक वर्षातून एकदाच हाती येते व कधीकधी येतही नाही. अशा ठिकाणी दावणीला बांधलेली एक-दोन जनावरे ही कुटुंबाची रोजची मिळकत आणि अडीनडीची पुंजी असतात. ती पुंजी टिकावी म्हणून कोणतीही योजना आखताना घरात उन्हाळ्याच्या चार महिन्यांची वैरण कोठून येईल, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.